बीजगणितातील साक्षीदार

गणिताला रामराम ठोकून आपण कला शाखेत आलो, तरी गणित काही आपली पाठ सोडत नाही. २०११ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ नावाने ओळखला जाणारा दुसरा पेपर आहे व त्यात ‘माहितीची पर्याप्तता’ हा प्रकार अंतर्भूत आहे. २०१५ पासून हा पेपर फक्त उत्तीर्ण व्हावा लागतो. परंतु २०० पैकी ३३ टक्के गुण न पडल्यास इतिहास-राज्यशास्त्रावर केलेली सारी मेहनत फुकट जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

यात एक प्रश्न व दोन विधाने असतात. उत्तर काढण्यापेक्षा, दिलेली माहिती निर्णयाला पुरते की नाही एवढेच सांगायचे. न्यायाधीश साक्षीदार तपासतो तसे: आधी एकेकटा, मग दोघे मिळून. ‘नाही’ असा ठाम निकाल लागला तरी माहिती पुरेशीच! भले भले येथे फसतात.

समजा विचारले, क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय? पहिले विधान: क्षचा वर्ग यच्या वर्गाहून मोठा. दुसरे: क्ष + य > ०.

पहिल्यासाठी ३ व २ घ्या, उत्तर ‘होय’. आता −३ व २ घ्या. वर्ग ९ व ४, म्हणजे विधान खरेच, पण उत्तर ‘नाही’. साक्षीदार दोन तोंडांनी बोलला. दुसऱ्या विधानात ३ व २ चालतात, तसे २ व ३ सुद्धा. तोही एकटा अपुरा. मात्र वर्गांची वजाबाकी म्हणजे (क्ष − य)(क्ष + य). हा गुणाकार धन आणि त्यातला एक अवयव धन, तेव्हा दुसराही धन असलाच पाहिजे. दोन्ही मिळून माहिती पुरते.

आता जरा खट्याळ उदाहरण. क्ष > १ काय? पहिले: १/क्ष < १. दुसरे: क्षचा वर्ग > क्ष. पहिल्याला क्षने गुणून मोकळे होण्याचा मोह आवरा. ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटते. २ < ३, पण −२ > −३. क्ष ऋण की धन हे कोठे ठाऊक आहे? २ व −५ दोन्ही विधानांत घालून पाहा, दोन्ही संख्या चालतात. खरे तर दोन्ही विधाने एकच सांगतात, क्ष १ पेक्षा मोठा किंवा शून्याहून लहान. पढवलेले दोन साक्षीदार, जबानी एकच! एकत्र आणूनही निकाल लागत नाही.

संख्या घालून पाहताना २, १/२, ०, −१/२ व −२ एवढ्या तरी घालाव्यात. ‘क्षचा घन > क्ष’ हे विधान −२ ला लागू पडत नाही, त्यामुळे क्ष > १ असे वाटू लागते. पण −१/२ चा घन −१/८, आणि तो −१/२ पेक्षा मोठा आहे.