थम येईना

मराठवाड्यातलं गाव, मे महिना, सकाळचे दहा. रेशन दुकानासमोर रांग आहे ती पिशव्यांची. प्रत्येक पिशवीत एक दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून. माणसं समोरच्या लिंबाखाली बसलीत. माल आल्याचं रात्रीच मोबाइलवर फिरलंय, पण अंगठा घ्यायच्या मशीनला रेंज नाही. दुकानदार ते घेऊन उंबऱ्याबाहेर येतो, हात वर करून उभा राहतो. रेंज येते. बायका उठतात.

पहिला नंबर एका म्हातारीचा. अंगठा लावते. मशीन घेत नाही. पदराला पुसून पुन्हा लावते. नाहीच.

"केसात घासा, मावशी. थम येईल."

खुरपं धरून, कापूस वेचून बोटांवरच्या रेघा झिजल्यात. शेवटी मधलं बोट चालतं. पावती निघते. घरात पाच माणसं, माणशी 5 किलो. 25 किलो धान्य. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याचं हे माप, आणि जानेवारी 2023पासून त्याला पैसे पडत नाहीत. अंत्योदयच्या पिवळ्या कार्डाला घरटी 35 किलो. काट्यावर गहू ओतताना धूळ उडते, नाकात जाते. पोत्यावर नाव पंजाबचं.

दुकानामागं रान लागतं. नांगरलेली काळी ढेकळं तापलीत. गेल्या खरिपात इथं सोयाबीन होतं, औंदाही तेच. ज्वारी का नाही? लिंबाखालचा एक जण सांगू लागतो. काढायला माणूस मिळत नाही. रात्री रानडुकरं. आणि कडबा खायला बैल कुठं राहिलेत? त्याच्या घरात सोयाबीनची पोती आहेत, भाव चढेल म्हणून थांबवलेली. भाकरी काही त्याची होत नाही.

त्याचं कार्ड केशरी, कायद्याच्या यादीबाहेरचं. राज्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत अशा शेतकऱ्यांना 2015पासून 2 रुपयांनी गहू, 3 रुपयांनी तांदूळ मिळायचा. 2023मध्ये धान्याऐवजी पैसे ठरले. माणशी महिना 150, पुढं 170, थेट खात्यात. तरी तो दुकानाशी येतोच. सवय म्हणा, आशा म्हणा.

"आमचं काही आलंय का?"

"तुमचं बँकेत, काका."

"बँकेत म्हणतेत, दुकानात इचारा."

"आधार जोडलंय ना खात्याला?"

"कागद तर दिलेत." तो कार्ड उलटसुलट करतो. घरात सहा माणसं. हिशेब तोंडपाठ आहे. "आले तरी हजार-वीस. त्याच्यात जवारी किती येती, तुम्हीच सांगा."

दुकानदार पुढचं कार्ड मागतो.