संगणकाची अकाली समाधी

घरचा संगणक एखादी मोठी फाइल उतरवून घेत असता, धनी चहासाठी उठला एवढे निमित्त साधून जेव्हा तो अकस्मात निपचित पडतो, तेव्हा यंत्र बिघडले अशी जी समजूत होते ती बहुधा निराधार असते. कारण विंडोज या कार्यप्रणालीत ‘हायबरनेट’ ही मुद्दाम केलेली तजवीज असून, तीत स्मृतीतील चालू मजकूर ‘हायबरफिल.सिस’ नामक फाइलीत उतरवून मगच यंत्र बंद केले जाते. साध्या ‘स्लीप’मध्ये स्मृतीला थोडी वीज मिळत राहते, येथे तिची गरजच उरत नाही.

कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत दालनात, स्लीप या सदराखाली, ‘हायबरनेट आफ्टर’ची मुदत शून्य केली की ‘नेव्हर’ असे उमटते आणि बहुतेकांचे काम तेथेच भागते. परंतु आणखी एक मुदत आहे, आणि ती इतकी दडवून ठेवण्याचे प्रयोजन मला आजवर उमगलेले नाही: ठरलेल्या कामासाठी यंत्र रात्री आपोआप जागे झाले व कळफलकाला कोणाचाच हात लागला नाही, तर बाकीच्या मुदती कितीही लांबविलेल्या असोत, साधारणतः २ मिनिटांत ते पुन्हा निद्राधीन होते.

हायबरनेटची ही सुविधा समूळ काढावयाची तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ हा हुकूम द्यावा. ती फाइल नाहीशी होऊन काही गिगाबाइट जागा मोकळी होते, पण तिजबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ही जाते. लॅपटॉपधारकांनी मात्र हा मोह आवरावा, कारण बॅटरी अखेरच्या घटकेला आली असता न जतन केलेले लेखन हायबरनेटमुळेच वाचते.