ताजे हिम, तीव्र उतार आणि कॅमेरा

आपल्याकडे बर्फ म्हटला की सरबतात टाकायचा टणक खडा डोळ्यांपुढे येतो. आकाशातून पडते ते हिम मात्र अगदी निराळे. ताजे, कोरडे हिम म्हणजे पिंजलेला कापूसच म्हणा ना! एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. तेवढ्याच जागेतले असे हिम पुष्कळदा ५० ते १०० किलोच भरते. बाकी सारी हवा. त्यात माणूस कमरेपर्यंत रुततो; पण पायांना लांब-रुंद पट्ट्या बांधल्या की भार पसरतो आणि तो उतारावरून तरंगत निघतो. हेच स्कीइंग.

काश्मिरात गुलमर्गला यासाठी देशोदेशीचे लोक येतात. तिथली दोरवाट दोन टप्प्यांत अफरवत पर्वताच्या खांद्यावर ३९०० मीटरांच्या वर नेऊन सोडते. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे जे ढग पंजाबातल्या गव्हाला पाऊस देतात, तेच इथे हिम ओततात. आखलेली वाट सोडून या अस्पर्श हिमात उतरण्याची मौज काही और. आणि धोकाही तिथेच.

हिम थराथरांनी साचते. एखादा थर साखरेसारखा सुटा, रवाळ राहतो. त्यावर वाऱ्याने आणलेल्या हिमाचा घट्ट पापुद्रा बसतो. वरून सारे कसे गुळगुळीत, गोजिरे! पण माणसाच्या भाराने खालचा थर ढासळला की वरचा पापुद्रा तडकून लादीसारखा सुटतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे भय सर्वांत जास्त. त्याहून सपाट जागी हिम सहसा टिकते; फारच उभ्या कड्यावर ते साचतच नाही. दुर्दैव असे की, स्कीवाल्यांना आवडतो तो उतारही नेमका हाच. अफरवतवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू असेच गेले. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमाखाली गाडले गेले होते.

म्हणून प्रत्येकाजवळ संदेश देणारे-घेणारे छोटे यंत्र, लांब सळई आणि फावडे हवेच. गाडलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. तेव्हा मदत गावातून यायची नसते, ती सोबत्यांनीच करायची.

आता छायाचित्रकाराकडे वळू. त्याची अडचण गमतीची आहे. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. त्यामुळे पांढरेशुभ्र हिम चित्रात मळकट उतरते. यावर उपाय म्हणजे मापक सांगेल त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट प्रकाश द्यायचा. सूर्य बाजूला किंवा थोडा समोर असला म्हणजे उडालेला हिमाचा फवारा चमकतो. सेकंदाचा हजारावा भाग एवढ्यातच झडप उघडून मिटली पाहिजे. थंडीत बॅटरी लवकर मंदावते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात.

खरी कसोटी मात्र उभे कुठे राहायचे याची. उताराच्या पायथ्याशी चित्र झकास मिळते, पण हिम सुटले तर ते तिथेच येऊन पडणार! जाणता छायाचित्रकार बाजूच्या धारेवर उभा राहतो आणि एका वेळी एकालाच उतरू देतो. कोऱ्या हिमावर रेघ एकदाच उठते, त्यामुळे ‘आणखी थोडे डावीकडे, त्या उभ्या भागातून ये’ असे सांगण्याचा मोह होतो. माझ्या मते या कलेतला सर्वांत मोठा धोका हा मोहच आहे. कारण डोळा कॅमेऱ्याला लावलेला माणूस उतार पाहत नाही, चौकट पाहतो.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. फळीवर ओले फडके पसरा, त्यावर साखरेचा पातळ थर द्या, वर कणीक चाळून हलकेच दाबा. मग फळीचे एक टोक सावकाश उचला. कणकेला तडा जाऊन तिची लादी घसरू लागली की फळी तशीच धरा आणि मुलांना कोनमापकाने कोन मोजू द्या. मग साखर न घालता, नुसती कणीक घेऊन तोच प्रयोग पुन्हा करा.