काळू-शाईच्या काठाने : गिळलेला गळ

किन्हवलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जाईना. ते लिहितात, 'मरळीसाठी बोटाएवढा जिवंत मासा लावतो. मरळ लागते, पण गळ दर वेळी थेट पोटात. काढायला जावं तर रक्तच रक्त, आणि घरी पोचेपर्यंत ती मेलेली. याला काही उपाय?'

उपाय आहे. तो आधी मनगटात आहे आणि मग गळात.

आपल्याकडे जुन्या लोकांनी एकच शिकवलं : मरळीने आमिष धरलं की लगेच ओढू नको, गिळू दे तिला. त्याला कारण होतं. शिकारी मासा आमिष बहुतेक वेळा आडवं धरतो, थोडं लांब नेतो, थांबतो, तोंडातल्या तोंडात फिरवतो आणि मग डोक्याकडून गिळतो. पहिल्याच धक्क्याला हिसका दिला तर आमिष सुटून येतं. शिवाय मरळीचं तोंड हाडाचं आणि दातांचं, तिथे गळ पटकन रुतत नाही. म्हणून विडी संपेपर्यंत थांबायचं. मरळ हमखास लागायची, कारण तोवर गळ घशाखाली उतरलेला असायचा.

'मासा कालवणातच जायचा, मग गळ कुठे का लागेना!' हे मुरबाड-शहापुरात नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. मरळीला भाव मिळतो तो जिवंतपणाचा. कल्ल्यांच्या वर तिला हवा घेण्याची वेगळी सोय असते, म्हणून घमेल्यातल्या चार बोटं पाण्यात, नाहीतर ओल्या गोणपाटात ती तासन्‌तास तग धरते. पण माशाचं हृदय घशाच्या अगदी खाली, कल्ल्यांना लागून असतं, आणि कल्ले म्हणजे तर रक्ताचंच जाळं. तिथे टोक घुसलं की तिचा सगळा चिवटपणा संपला. वीतभराचं पिल्लू लागलं आणि सोडून द्यावंसं वाटलं, तरी पोट फाटलेलं पिल्लू सोडून काय उपयोग?

आता माझ्या आवडीचा विषय, गोल गळ. याचं टोक वर न राहता आत दांड्याकडे वळलेलं असतं. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, हा टोचणार कसा? घशात तो टोचत नाही, यातच त्याची करामत आहे. आमिष गिळून मासा वळून निघाला की तंगूस ताणला जातो आणि गळ घशातून मागे सरकतो. टोक आत असल्यामुळे वाटेत बहुधा कशात अडकत नाही. तोंडाच्या कडेशी आला की तंगुसाबरोबर फिरतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पॅसिफिक बेटांवरचे कोळी हाडाचे, शिंपल्याचे असे गोलसर गळ पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. जपानच्या ओकिनावा बेटावर एका गुहेत सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे, समुद्री गोगलगाईच्या शंखातून घासून काढलेले वळणदार गळ सापडले आहेत. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास हा मासा हौसेखातर आमिषाने धरणाऱ्यांना 2021पासून गोल गळाची सक्ती आहे.

मात्र गोल गळाला हिसका चालत नाही. हिसका दिलात की तो न रुतता तोंडाबाहेर येतो. मासा निघाला की तंगूस सावकाश ताणत न्यायचा, एवढंच. ज्यांचा हात वर्षानुवर्षं हिसक्याला सरावलाय त्यांना हे फार जड जातं, पण जमतं. विकत घेताना गळ पाटावर आडवा ठेवून बघा. टोक आणि दांडा दोन्ही लाकडाला टेकले पाहिजेत. टोक एका बाजूला उचललेलं असेल तर गळ मुरडलेला आहे. तसला गळ घशात जास्त अडकतो. आमिषाच्या मांसात टोक बुडवू नका, ते मोकळं दिसलं पाहिजे. वाहत्या पाण्यात बारका मासा ओठातून ओवावा, डोहात पाठीच्या पराजवळ, कण्याला धक्का न लावता.

साधाच गळ वापरायचा असेल तर काठी जमिनीत रोवून सावलीला जाऊन पडू नका. काठी हातात ठेवा, तंगुसाला ढील कमी द्या आणि मासा आमिष घेऊन चालू लागला की ओढा. चार मासे सुटतील, ते सुटू द्यावेत. पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून टाकला तर सोडवणं पुष्कळ सोपं होतं. रात्रभर दावण, म्हणजे ओळीने गळ बांधलेली दोरी, टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे ओढायला कोणी नसतं, मासा निवांत गिळतो. म्हणून दावणीला तर गोल गळच हवा.

एवढं करूनही गळ पोटात गेलाच, तर? मासा खायचा असेल तर तडफडत ठेवू नका, लगेच मारा. सोडायचा असेल तर गळ उपसत बसू नका. तंगूस तोंडाशी कापा आणि मासा पाण्यात जाऊ द्या. गळ ओढून काढलेल्या माशांपेक्षा असे मासे कितीतरी जास्त जगतात, हे परदेशात टाक्यांमध्ये मासे ठेवून तपासलेलं आहे. साधा लोखंडी गळ आत हळूहळू गंजतो, स्टेनलेसचा मात्र तसाच राहतो. म्हणून दुकानदाराने कितीही चकचकीत दाखवला, तरी गोड्या पाण्यासाठी गंजणाराच गळ मागून घ्या.