कंटिन्युइटी म्हणजे नेमकं काय? एक छोटासा खंड महागात का पडतो?

स्नॅपचॅटवर मित्रासोबत २०० दिवसांची स्ट्रीक झालेली असते. एक दिवस गावाला रेंज मिळत नाही, स्नॅप पाठवायचा राहतो आणि आकडा गायब होतो. मैत्री तशीच असते. तुटते ती फक्त कंटिन्युइटी.

स्ट्रीक गेली तर फार तर हळहळ वाटते. पण हाच शब्द विम्याच्या पॉलिसीत किंवा नोकरीच्या कागदावर आला, की प्रश्न पैशांचा होतो. म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा.

सातत्य की अखंडता?

कंटिन्युइटीला मराठीत सरसकट 'सातत्य' म्हणतात. पण कन्सिस्टन्सीसाठीही आपण तोच शब्द वापरतो आणि इथेच घोळ होतो. दर सोमवारी न चुकता व्हिडिओ टाकणाऱ्या यूट्यूबरकडे कन्सिस्टन्सी असते. कंटिन्युइटी म्हणजे मध्ये खंड न पडणं. 'सलग' किंवा 'अखंड' हे शब्द तिच्या जास्त जवळचे.

गावोगावी होणारा अखंड हरिनाम सप्ताह आठवा. पहारा बदलला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली टेकत नाही. माणसं बदलतात, साखळी तुटत नाही. हीच कंटिन्युइटी.

हा शब्द कुठे कुठे भेटतो?

सिनेमात: चित्रपटातले प्रसंग क्रमाने शूट होत नाहीत. नायक घरातून निघतो तो शॉट आज, दाराबाहेर येतो तो महिन्याभराने. दोन्हीकडे शर्ट, घड्याळ, कपाळावरची जखम सारखीच हवी. त्यासाठी सेटवर फोटो काढून नोंदी ठेवल्या जातात. चूक राहिली, की प्रेक्षक स्क्रीनशॉट व्हायरल करतात.

इलेक्ट्रिशियनकडे: वायर आतून तुटली आहे का, हे बघायला मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावतात. 'बीप' वाजला की जोड सलग आहे. वाजला नाही, तर कुठेतरी तुटलेला आहे.

गणितात: ज्या आलेखात मध्ये तुटक जागा किंवा उडी नसते, तो सलग. पेन न उचलता काढता येणारी रेघ, असं ढोबळपणे समजता येतं.

आरोग्य विमा: इथे खंड म्हणजे पुन्हा सुरुवात

पॉलिसी घेण्याआधीपासून मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्या आजाराच्या खर्चासाठी प्रतीक्षा कालावधी असतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. मात्र हे महिने सलग भरावे लागतात.

समजा, ३० महिने झाले आणि पॉलिसीचं नूतनीकरण राहिलं. वर्षाचा हप्ता भरणाऱ्यांना ३० दिवसांची, तर महिन्याचा हप्ता भरणाऱ्यांना १५ दिवसांची सवलतीची मुदत मिळते. त्यात पैसे भरले तर सातत्य टिकतं. तीही मुदत चुकली, तर नवीन पॉलिसीत प्रतीक्षा बहुधा शून्यापासून सुरू होते.

विमा कंपनी बदलायची असेल तर जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नये, ती 'पोर्ट' करावी. मग भरलेले महिने नव्या कंपनीत मोजले जातात. विम्याची रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेसाठी मात्र प्रतीक्षा नव्याने लागू होते.

नोकरी: ग्रॅच्युइटी आणि पीएफ

ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे एकाच मालकाकडे ५ वर्षांची सलग सेवा लागते. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास ही अट नसते. सलग म्हणजे एकही सुट्टी नाही, असं मात्र नाही. मंजूर रजा, आजारपण, अपघात आणि प्रसूती रजा यांमुळे सेवेत खंड पडत नाही. बाळंतपणाच्या रजेमुळे आपली वर्षं तुटली, असं समजून कुणी हक्क सोडू नये.

नोकरी बदलली की ग्रॅच्युइटीची वर्षं सहसा नव्याने मोजली जातात. पीएफचं तसं नाही. जुनी शिल्लक नव्या खात्यात ट्रान्सफर केली, तर आधीच्या कंपनीतली सेवाही धरली जाते. ती न करता ५ वर्षांच्या आत पैसे काढले, तर त्यावर कर लागू शकतो.

मग काय करायचं?

पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. नव्या पॉलिसीच्या कागदावर आधीच्या विम्याची वर्षं नोंदली आहेत का, ते बघा. राजीनामा देण्याआधी रुजू झाल्याची तारीख तपासा. पाच वर्षं भरायला थोडेच दिवस उरले असतील, तर घाई करण्याआधी हिशेब मांडा.

स्ट्रीक पुन्हा सुरू करता येते. विम्याची आणि नोकरीची गेलेली वर्षं मात्र पुन्हा भरून काढावी लागतात.