घरच्या विजेचें दप्तर

सातबाऱ्याच्या उताऱ्यांतील एखादा गुंठा इकडचा तिकडे झाला तर आपला शेतकरी तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. पण विजेचें बिल हातीं पडतांच तो तळची रक्कम तेवढी पाहतो, सुस्कारा टाकतो आणि पैसे भरून मोकळा होतो. महसूल खात्यांत आयुष्यभर आंकडे तपासूनहि मी घरीं हेंच करीत आलों. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्य शासनानें सुरू केल्यामुळें बऱ्याच सभासदांस आतां राहत्या घराच्या बिलाचीच काय ती चिंता उरली आहे. म्हणून आमच्या घरची हकीकत येथें मांडतों.

आमचें घर सहा माणसांचें. दरसाल मार्गशीर्ष-पौषांत पंखे बंद झाले कीं महिन्याचा वापर ८० युनिटांच्या आसपास उतरतो. चिरंजीवांचें लग्न झालें त्या वर्षीं मात्र तो उतरण्याऐवजीं १४० वर गेला. घरांत नवें माणूस आलें आणि बिल चढलें, तेव्हां दोष कोणाच्या माथीं बसला हें सांगणें नको. मिक्सर, इस्त्री, मोबाईल, सर्वांवर टोमणे सुरू झाले. मी प्रत्यक्ष कांहीं बोललों नाहीं. परंतु बिल मोठ्यानें वाचीत असें, आणि तें कोणासाठीं वाचलें जात आहे हें ऐकणारीस कळत होतें. एके दिवशीं सूनबाई पाट्यावर चटणी वाटीत बसलेल्या दिसल्या. मिक्सर फडताळांत गेला होता. तेव्हां मला लाज वाटली, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

युनिटाचा हिशेब अवघड नाहीं. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट होतें. उपकरणाचे वॅट त्याच्या पाठीवर छापलेले असतात. त्यांस तासांनीं गुणावें व हजारानें भागावें. मिक्सर ५०० वॅटचा, रोज पाव तास चाले. महिन्याचीं पावणेचार युनिटें. इस्त्री हजार वॅटची, आठवड्यांतून दोनदां अर्धा तास, चार युनिटें. टी.व्ही. ५० वॅटचा, रोज चार तास, सहा युनिटें. एका मोबाईलचें महिन्याकाठीं एक युनिटहि होत नाहीं. सगळें मिळून पंधराच्या आंत, आणि वाढ तर साठ युनिटांची! म्हणजे चोर दुसराच होता.

तो सांपडला रात्रीं. पौषांतील थंडी असल्यानें पंखे बंदच होते. रात्रीं दहा वाजतां सर्व निजल्यावर मीं मीटरवरील आंकडा दशांशासह टिपून घेतला व सकाळीं सहा वाजतां पुन्हां पाहिला. आठ तासांत १.२ युनिटें गेलीं होतीं. घरांत एकहि दिवा नसतां ताशीं दीडशें वॅट कोण खात होतें? जागीं होतीं दोनच उपकरणें, टी.व्ही.ची पेटी व फ्रिज. टी.व्ही. बंद केला तरी ही पेटी चालूच राहते. आमची १२ वॅट ओढते, म्हणजे महिन्याचीं साडेआठ युनिटें. बाकीचा भार जुन्या फ्रिजचा. त्याच्या दारांत कागदाचा कपटा धरून दार लावलें तर तो सहज ओढून निघे. रबर सैल झालें होतें. शिवाय थर्मोस्टॅट बिघडल्यानें यंत्र मध्यें थांबतच नसे. कारागिरानें दोन्ही बदललीं, आणि आम्हीं फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढें ओढला. त्यानंतर रात्रीच्या आठ तासांस अर्धें युनिट पुरूं लागलें. हिशेबाचा कागद मीं सर्वांदेखत सूनबाईंच्या हातीं दिला व माझी चूक कबूल केली. मिक्सर फडताळांतून पुन्हां बाहेर आला.

ज्यांच्या मीटरवर दशांश दिसत नाहीं त्यांनीं त्यावरील लुकलुकणारा तांबडा दिवा मोजावा. एका युनिटास किती लुकलुका हें मीटरवर छापलेलें असतें. आंकडा ३२०० असेल आणि मिनिटास आठ लुकलुका होत असतील तर ताशीं ४८०, म्हणजे तेच दीडशें वॅट. घरांतील सर्व उपकरणांच्या पिना काढून व दिवे मालवूनहि लुकलुक चालू राहिली तर वायरिंगमध्यें गळती असण्याचा संभव आहे. तेथें बचतीचा विचार मागाहून. परवानाधारक तारतंत्र्यास आधीं बोलवावें. पावसाळ्यांत गोठ्याच्या ओल्या भिंतींतून अशी वीज जनावरांपर्यंत पोंचली तर होणारें नुकसान कोणत्याहि बिलांत मावणार नाहीं.

येथें दराविषयीं दोन शब्द. आमच्या घरगुती दरपत्रकांत पहिला टप्पा १०० युनिटांचा व दुसरा १०१ ते ३०० चा आहे. सन २०२४-२५ मध्यें दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक होता. शंभराच्या वर एक युनिट गेलें कीं सर्वच युनिटांस चढा दर लागतो अशी कित्येकांची समजूत आहे, ती खरी नव्हे. वरच्या युनिटांसच तो लागतो. पण म्हणूनच वांचविलेलें युनिट नेहमीं सर्वांत महाग टप्प्यांतलें असतें, आणि त्याबरोबर त्याचा वहन आकार व वीज शुल्कहि वांचतें. स्थिर आकार मात्र कांहीं केल्या कमी होत नाहीं, त्याबद्दल रडूं नये. बिलावरील चालू रीडिंग मीटरशीं ताडून पाहावें. सरासरीनें केलेलें बिल असेल तर सर्व हिशेबच फसतो.

उन्हाळ्यांत खरा भार पंख्यांचा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, नव्या बीएलडीसी जातीचा सुमारें ३० वॅट. रोज दहा तास चालविला तर महिन्यास साडेबावीसऐवजीं नऊ युनिटें. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचें चिन्ह सक्तीचें झालें आहे, तें पाहून घ्यावा. जो पंखा सर्वांत अधिक तास फिरतो तोच आधीं बदलावा. पाहुण्यांच्या खोलींतला बदलून फायदा नाहीं. गोठ्यांत रात्रभर जळणारा ६० वॅटचा जुना दिवा मात्र आजच काढावा; तेथें ९ वॅटचा एलईडी पुरतो.

दप्तर आतां सूनबाईंकडे आहे. दर रविवारीं त्या आंकडा लिहितात. पहिल्याच महिन्यांत त्यांनीं टाकी भरण्यास लागणारा वेळ मांडला. एक अश्वशक्तीची मोटर रोज चाळीस मिनिटें चाले. गोठ्यांतील हौदाचा नळ दिवसरात्र वाहत होता आणि तो नीट बंद न करणारा मीच होतों. नवें वायसर घातल्यावर पंचवीस मिनिटांत टाकी भरूं लागली. महिन्याचीं सात-साडेसात युनिटें उतरलीं. तो आंकडा त्यांनीं माझ्या नांवावर लिहून ठेवला आहे.