बास फिशिंगचं रील पाहून गोदावरीत उतरू नका, मरळ काठालाच असते

हे रील बहुतेकांच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेलंय. छातीपर्यंत रबरी पँट चढवलेला माणूस नदीत मांडीभर पाण्यात उभा असतो. तो गळ फेकतो, दोनतीनदा दोरी ओढतो आणि एक हिरवट मासा पाण्यातून उसळी मारतो. खाली लिहिलेलं असतं 'बास फिशिंग'. मग कमेंटमध्ये कुणीतरी मित्राला टॅग करतंच, "रविवारी शहागडला जायचं का?"

शहागड हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याचं गोदाकाठचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथेच गोदावरी ओलांडतो. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तीन तालुक्यांच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि तिच्या पलीकडे बीड जिल्हा लागतो. मग रीलमधला प्रकार इथे जमेल का? मासा मिळू शकतो, पण त्यासाठी पाण्यात उतरायची गरज नाही. आणि उतरलं तर जिवाशी गाठ आहे.

तो माणूस पाण्यात का उतरतो?

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. त्यातला स्मॉलमाऊथ बास वाहत्या, खडकाळ नद्यांमध्ये राहतो. प्रवाहाशी झुंजत बसायचं नाही, मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबायचं आणि धारेसोबत येणारं भक्ष्य टिपायचं, अशी त्याची पद्धत. हे दगड बऱ्याचदा नदीच्या मध्यावर असतात. काठावरून गळ तिथे नीट पोचत नाही, म्हणून शिकारी पाण्यात उतरतो. म्हणजे ती रबरी पँट ही हौस नाही, त्या माशाच्या सवयीतून आलेली गरज आहे.

गोदावरीत हा बास नाही. स्वभावाने त्याच्या जवळ जाणारा आपल्याकडचा मासा म्हणजे मरळ. सापासारखं डोकं, लांबट अंग, भरपूर दात, आणि पाण्यावरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालायची सवय. म्हणूनच गळवाले तिच्यासाठी रबरी बेडूक वापरतात. खाणाऱ्यांमध्येही तिला मान आहे. हीच गोदावरी पुढे तेलंगणात जाते आणि त्या राज्याने तर मरळीला राज्य मासा केलंय.

मरळीची एक खासियत आहे. कल्ल्यांसोबतच ती थेट हवेतूनही श्वास घेते. डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्यासाठी वेगळा अवयव असतो. दर थोड्या वेळाने तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर हा मासा चक्क पाण्यात बुडून मरतो!

त्यामुळे तिला प्रवाहाची गरज नसते. संथ पाणी, गवत, जलपर्णी, काठाचा चिखल असलेली जागा ती पकडते. म्हणजे जो मासा धरायला नदीत शिरायचं, तो बहुतेक वेळा माणसाच्या पायाशीच असतो. पाय आपटत पाण्यात शिरलं की त्या हादऱ्यानेच ती पसार होते. काठापासून दोन पावलं मागे, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने उभं राहणं जास्त कामाचं.

गुडघाभर दिसणारं पाणी

आता जिवाचा मुद्दा. जालना जिल्ह्यातली गोदावरी मासळीपेक्षा वाळूसाठीच जास्त बातम्यांत असते. वाळू काढली की पात्रात खड्डा पडतो. त्याच्या कडा उभ्या आणि भुसभुशीत असतात. वर गढूळ पाणी साचलं की तो दिसत नाही. एक पाऊल गुडघाभर पाण्यात, पुढचं डोक्यावर. कडेला धरून वर यायला जावं तर कडाच ढासळते.

खड्डा नियमात असला म्हणजे धोका टळला, असंही नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नदीपात्रातल्या उत्खननाची मर्यादा ३ मीटर आहे. म्हणजे जवळपास १० फूट! बेकायदा खड्ड्यांना तर कसलीच मर्यादा नसते.

हे खड्डे पुराने भरून का निघत नाहीत? वरच्या अंगाला पैठणचं जायकवाडी धरण आहे. नाशिक-नगरकडून येणारी बरीचशी वाळू आणि गाळ तिथेच अडतो. खाली येते ती मुख्यतः ओढ्यानाल्यांची वाळू, आणि उपसा त्याहून वेगाने होतो.

जायकवाडीचा दुसरा धोका पाण्याचा. धरणाला २७ दरवाजे आहेत आणि खाली जोगलादेवी, मंगरूळसारखे बंधारे. शहागडला कोरडं ऊन असलं तरी नाशिककडच्या पावसाने धरण भरतं आणि दरवाजे उघडले जातात. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले तरी त्याखालचं उथळ पाणी झपाट्याने चढतं. पात्राच्या मधोमध गळ धरून उभ्या असलेल्या माणसाला हे कळेपर्यंत काठ दूर गेलेला असतो. आणि ती रबरी पँट? आत पाणी शिरलं की तिच्यासकट पोहणं महाकठीण.

भोई, कोळी समाजातले मच्छीमार जाळी घेऊन नदीत उतरतात, हे खरं. पण काठीने तळ चाचपत, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या पात्रात. तेही पूर आला की जुनी ओळख मोडीत काढून तळ नव्याने चाचपतात. रविवारच्या पाहुण्याला ती पहिलीसुद्धा ओळख नसते.

जाण्याआधी आणखी दोन गोष्टी. धरणं आणि तलावांमधली मासेमारी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे तिथे गळ टाकण्याआधी स्थानिक संस्थेला विचारलेलं बरं. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. तेव्हा काठालगत लालसर-नारिंगी पिल्लांचा झुबका पाण्यावर फिरताना दिसतो. ती मरळीची पिल्लं, आणि खाली आईबाप पहारा देत असतात. त्या झुबक्यात गळ टाकला की रागावलेली मरळ हमखास तोंड मारते, म्हणून काही जण मुद्दाम तिथेच टाकतात. पण पहारेकरी गेला की ती शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.